कोरा रकाना

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी चूक केलेली नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या खोलीतला पडद्याचा दांडा स्वतःच्या हाताने बसवला होता, आणि तो एका बाजूला चांगला चार बोटं खाली आला होता. मी नवी, मला तोंड उघडायची सोय नव्हती, सासूबाईंनी उघडलं. बाबा दोन पावलं मागे सरकले, एक डोळा मिटून त्यांनी दांड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दांडा सरळ आहे. भिंत तिरकी आहे." तेव्हापासून आमच्याकडे ती भिंत तिरकी आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "या माणसाच्या तोंडून 'माझी चूक' एवढे दोन शब्द ऐकल्याशिवाय मी मरायची नाही. म्हणजे मी आता अमरच आहे."

बाबा कोर्टात बेलीफ होते. ज्याच्यावर खटला झालाय त्याला समन्स नेऊन द्यायचं, हे त्यांचं काम. ऐकायला पोस्टमनसारखं वाटतं, पण पोस्टमनची लोक वाट बघतात आणि बेलीफ दिसला की मागच्या दाराने पळतात. कायदा असा की समन्स त्या माणसाच्या हातात द्यायचं आणि पोचपावतीवर सही घ्यायची. माणूस सापडलाच नाही तर दोन साक्षीदारांसमोर त्याच्या दारावर डकवायचं. म्हणून बाबांच्या पिशवीत कायम डिंकाची बाटली असे, आणि कोर्टात सगळे त्यांना 'डिंक' म्हणत. एकदा चिकटला की सुटत नाही, असाही त्यात भाव होता.

त्यांचे पराक्रम आम्हाला जेवताना पाठ झालेत. एक नट महिनाभर त्यांना हुलकावणी देत होता. बाबांनी नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट काढलं, तीन अंक टाळ्या वाजवल्या आणि पडदा पडायच्या वेळी पुष्पगुच्छाबरोबर समन्स हातात दिलं. एक गृहस्थ कपाटात लपले होते, तर बाबांनी साक्षीदारांना बोलावून कपाटाच्या दारावर डकवलं. स्वतःच्या साडूलाही त्यांनी सोडलं नाही. घरी जेवायला बोलावलं, पोटभर वाढलं, हात धुवायला पाणी दिलं आणि मग बजावलं. सासूबाईंची बहीण अजून आमच्याकडे येत नाही.

कोर्टाच्या कचेरीत एक मोठी नोंदवही असते. प्रत्येक बेलीफाचं एक पान, त्यावर शेवटचा रकाना: 'बजावणी न होता परत'. एकतीस वर्षं बाबांचा तो रकाना कोरा होता. इतरांच्या पानावर तिथे आकड्यांची गर्दी. त्यांच्या लांब्या नावाच्या सोबत्याने तर एकदा कहर केला होता. एका परदेशी दुकानदाराला आपली भाषा येत नव्हती, म्हणून समन्सचा अनुवाद लागत होता, तो लांब्याने दुकानदाराच्या बायकोकडूनच करून घेतला. न्यायाधीशांनी समन्स परत पाठवलं: खटल्यातल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्याने केलेला अनुवाद हा अनुवादच नव्हे. ही गोष्ट बाबा वीस वर्षं सांगत होते. शेवट ठरलेला असे. मांडी थोपटायची आणि म्हणायचं, "मांजराला दुधाच्या राखणीला बसवलं हो गाढवाने!"

निवृत्तीला चार महिने उरले होते. बाबांना निरोपसमारंभ नको होता, शाल नको होती, घड्याळ तर नकोच होतं. त्यांना फक्त ते पान तसंच कोरं ठेवून कचेरीतून बाहेर पडायचं होतं. आणि नेमकं तेव्हाच ते परदेशी बाड आलं.

बाड म्हणजे उशीएवढं जाड, फितीने बांधलेलं, लाखेचं सील. दोन देशांच्या दोन मंत्रालयांतून हिंडत यायला त्याला अकरा महिने लागले होते. वर आपल्या भाषेत एकपानी पत्र: परदेशातल्या एका चित्रपट कंपनीने इथल्या कोणावर तरी खटला भरलाय, कारण ती व्यक्ती कंपनीचे सिनेमे इंटरनेटवरून फुकट वाटते, सोबतचे समन्स अनुवादासह अमुक तारखेच्या आत बजावावे, प्रतिवादीचे नाव व पत्ता आत पाहावा. आत एकशे चाळीस पानं, आणि लिपी अशी की कुठून वाचायला सुरुवात करायची तेही कळेना.

त्या रात्री जेवताना बाबांनी गुन्ह्याचं स्वरूप समजावून सांगितलं. "दुसऱ्याचा सिनेमा इंटरनेटवरून उतरवायचा आणि गावभर वाटायचा. चोरीच ती!" आमचे हे एकदम आपल्या ताटात काय काय वाढलंय ते निरखून पाहायला लागले. मीही पाण्याचा तांब्या भरायला उठले.

बाकीचे बेलीफ म्हणाले, अरे डिंका, पाठव परत, नाव वाचता येत नाही म्हणून लिही. नाझरसाहेब, म्हणजे बेलीफांचे वरिष्ठ, तेही तेच म्हणाले. पण परत पाठवणं म्हणजे रकान्यात एक. बाबांनी कोर्टाची अनुवादकांची यादी काढली. त्या भाषेपुढे सबंध शहरात एकच नाव होतं.

त्या एकट्या अनुवादक म्हणजे भाषाबाई. कॉलेजात ती भाषा शिकवायच्या. शेवटच्या वर्षी वर्गात तीन विद्यार्थी उरले, त्यातला एक चुकून आलेला, आणि विभाग बंद झाला. आता त्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एका खोलीत शब्दकोश, दुसरीत संगणक आणि पलंग. त्यांनी बाडाचं वजन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "करते. पण मी तोंडी सांगणार. टाइप कोणीतरी करायचं."

"आमची सूनबाई आहे की," बाबा म्हणाले. मला कोणी विचारलं नाही. माझी नोकरी सकाळची, त्यामुळे महिनाभर रोज दुपारी तीनला मी आणि बाबा भाषाबाईंच्या तिसऱ्या मजल्यावर. बाई चष्मा नाकावर आणून सांगायच्या, मी बडवायची, आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. प्रतिवादी कोण ते कळलं की तिथूनच निघायची त्यांची तयारी होती.

पण परदेशी वकिलांची तऱ्हा अशी की नाव शेवटच्या पानावर. आधी कंपनी किती थोर, मग कायदा किती कडक, मग नुकसान किती भयंकर. एकोणिसाव्या पानावर बाई सांगत होत्या, "प्रतिवादी इंटरनेटवर 'निवृत्त' या टोपणनावाने वावरतात, आणि..." इथे त्या थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला.

"चार महिन्यांनी मीपण निवृत्तच," बाबा खुशीत म्हणाले.

"बेलीफसाहेब," बाई म्हणाल्या, "मी अनुवाद मधेच सोडला तर काय होतं?"

"समन्स परत जातं. माझ्या रकान्यात एक पडतो. एकतीस वर्षांत पहिला."

"आणि पूर्ण केला तर?"

"तर कोणाला द्यायचं ते कळतं. मग तो आहे आणि मी आहे."

बाईंनी हातातलं पान पुन्हा सरळ केलं. मग चष्मा परत चढवला. "मी आजवर अनुवाद अर्धवट सोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "लिही ग. 'टोपणनावाने वावरतात', स्वल्पविराम." मला वाटलं, वय झालंय, दमल्या असतील.

त्याच पानावर पुढे पत्ताही होता, पण तो कसला, तर चार आकडे आणि मधे टिंबं. बाबांनी ते चिठ्ठीवर उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेले. तिथल्या कारकुनाने चिठ्ठी उलटसुलट करून सांगितलं की ही नव्या वसाहतीतली घरं असणार, तिकडे अजून पाट्या लागलेल्या नाहीत. बाबा नव्या वसाहतीत चार तास फिरले. संध्याकाळी मी त्यांना समजावलं की हा घराचा नाही, इंटरनेटवरच्या मशीनचा नंबर असतो.

"मशीन हवेत तरंगतं का?" बाबा म्हणाले.

"नाही, पण..."

"म्हणजे टेबलावर असणार. टेबल खोलीत. खोलीला दार. आणि दाराला डिंक लागतो." एवढं बोलून ते जेवायला बसले.

पुढच्या पानांत कंपनीने एका तज्ज्ञाचं म्हणणं जोडलं होतं. सिनेमाच्या खाली जो अनुवाद पट्टीवर येतो तो 'निवृत्त' स्वतः करतात, आणि तो इतका सरस असतो की कंपनीचा अधिकृत अनुवाद लोक बघेनासे झालेत. हा परिच्छेद बाईंनी माझ्याकडून चार वेळा टाइप करून घेतला. आधी 'चांगला' होता, मग 'उत्तम', मग 'सरस'. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "'अत्यंत सरस' कर. मूळ शब्दाला जोर आहे." गाल लाल झाले होते त्यांचे.

मधे कुठलातरी नावेचा शब्द अडला. बाई म्हणाल्या, सिनेमातच बघू, आणि त्यांनी संगणकावर एक सिनेमा लावला. नदीवर नाव चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. भाषेचा गंध नाही, पण खाली आपल्या भाषेत ओळी येत होत्या, आणि त्या अशा की त्या बहिणी आमच्याच जिन्यात भांडताहेत असं वाटावं. शब्द दहाव्या मिनिटाला सापडला. बाबा शेवटपर्यंत बसले. धाकटी एकटीच नाव घेऊन निघते तिथे त्यांनी रुमाल काढला. "धूळ फार आहे खोलीत," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही तीनऐवजी दोनला जायला लागलो.

"हे सिनेमे विकत कुठे मिळतात?" बाबांनी एकदा विचारलं.

"मिळत नाहीत. मी कंपनीला दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपल्या देशात उपलब्ध नाही."

"म्हणजे सिनेमाला सीमा ओलांडता येत नाही आणि समन्सला येते," बाबा म्हणाले. कायद्याविरुद्ध त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. लगेच सावरून त्यांनी पिशवीतली डिंकाची बाटली नीट केली.

एकशे दहाव्या पानापासून यादी सुरू झाली. 'निवृत्त' यांनी वाटलेले सिनेमे, एकूण दोनशे बारा. बाई नावं सांगत होत्या, मी बडवत होते, आणि चौऱ्याऐंशीवर माझी बोटं थांबली. तो नावेचा सिनेमा होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे पंच्याऐंशीवर गेल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते संगणकाकडे बघत होते, मग त्याखालच्या टेबलाकडे, मग खोलीच्या दाराकडे. मला त्यांचं ते टेबल, खोली, दार आठवलं.

यादीनंतर कंपनीची मागणी होती. बाईंनी आवाज न बदलता सांगितलं, "प्रतिवादींचा संगणक जप्त करून त्यातील सर्व सिनेमे आणि अनुवाद..." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "'नष्ट करावेत' बरं की 'नाश करावा'?" दोनशे बारा सिनेमे, प्रत्येकाखाली हजारभर ओळी. वर्गात कोणी उरलं नाही म्हणून ती बाई तिसऱ्या मजल्यावर बसून पडद्याखाली शिकवत होती. देशोदेशी विखुरलेली आपली माणसं, बाडातच लिहिलं होतं, तिला पत्रं लिहीत होती, अमक्या शब्दाचा अर्थ काय म्हणून. बाकीची पानं उद्या, असं म्हणून आम्ही उठलो. जिन्यात बाबा पिशवी या हातातून त्या हातात घेत होते.

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. तिसऱ्या दिवशीही पाय. "एकतीस वर्षं लोकांचे मजले चढलास, तेव्हा कुठे होता हा पाय?" सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या की अरेतुरेवर येतात. बाबांनी त्यावर वादही घातला नाही, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. त्यांनी मुद्दाम विषय काढला, "ती लांब्याची गोष्ट सांगा ना." बाबांनी चमच्याने भाजी इकडची तिकडे केली. "जुनी झाली ती गोष्ट," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ कॅलेंडरची पानं पुढे-मागे करत बसले.

मी दोन दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. एका रकान्यासाठी त्या बाईचा जन्मभराचा संसार उधळणार का, असं तोंडावर विचारायचं ठरवलं. आणि विचारलं नाही. साडूला सोडलं नाही, तर भाषाबाई कोण लागून गेल्या. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही येत होती, कारण त्या कोऱ्या चौकोनापलीकडे त्या माणसाने स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि आम्ही गेलो. बाईंनी शेवटचं पान उघडलं. स्वतःचं नाव, इमारत, मजला, खोली, सगळं त्यांनी कोर्टातल्यासारखं खणखणीत वाचलं. मी टाइप केलं.

"तुम्हाला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"एकोणिसाव्या पानापासून."

"मग सोडलं का नाहीत?"

"तुमचा रकाना," बाई म्हणाल्या. "आणि माझं पण काहीतरी आहेच ना. बजावा आता. मी दार उघडून बसले आहे, तुम्हाला डिंकसुद्धा लागायचा नाही."

बाबांनी चहा मागितला. चहा शांतपणे संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली. मग साक्षीदार म्हणून खालच्या वॉचमनला बोलावलं, दुसरी मी. समन्स आणि अनुवाद त्यांनी दोन्ही हातांनी बाईंना दिला, आणि पोचपावती पुढे केली. "प्रतिवादी म्हणून इथे सही. खाली पूर्ण नाव, सुवाच्य." बाईंनी केली. मग त्यांनी अनुवादाचं शेवटचं पान उलटलं. "आणि अनुवादक म्हणून इथे. पूर्ण नाव. हेही सुवाच्य."

बाईंचा पेन थांबला. कोर्टाच्या यादीवरच्या अनुवादक त्या, त्यांना काही नियम ठाऊक नव्हते असं नाही. "दोन्हीकडे माझीच सही? बेलीफसाहेब, हे चालतं?"

"बेलीफ मी आहे की तुम्ही?" बाबा एकदम खेकसले. बाईंनी मुकाट्याने सही केली. एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकाखाली एक ठेवली तर आंधळ्यालाही कळेल अशी.

कचेरीत नाझरसाहेबांनी सह्या मोजल्या, वाचल्या नाहीत. सगळ्या भरल्यात ना, मग झालं. 'बजावणी झाली' असा शिक्का बसला आणि बाड परत दोन मंत्रालयांच्या वाटेला लागलं. तीन महिन्यांनी बाबा निवृत्त झाले. नको म्हणत असताना शाल मिळाली, घड्याळही मिळालं. नाझरसाहेबांनी ते पान उघडून सगळ्यांना दाखवलं: एकतीस वर्षं, रकाना कोरा. टाळ्या झाल्या. बाबा पायांकडे बघत उभे होते. लाजले असतील असं सगळ्यांना वाटलं.

पुढे वर्षभराने एका रविवारी सकाळी नाझरसाहेब स्वतः घरी आले. काखेत नोंदवही, हातात परदेशी कागद. चेहरा असा की रागवावं की रडावं ते त्यांचं ठरत नव्हतं. "डिंकसाहेब, हे काय करून बसलात? अनुवादक आणि प्रतिवादी एकच बाई! तिकडच्या कोर्टाने बजावणी रद्द केली. आणि नव्याने करावी तर त्यांची मुदत संपली. कंपनीचं प्रकरण बंद."

"बंद?" बाबा म्हणाले.

"बंद! अहो, शिकाऊ बेलीफसुद्धा असं करणार नाही! लांब्याला तुम्हीच ना हसायचात?"

"वय झालं," बाबा म्हणाले. "लक्षात आलं नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वय झालं म्हणे. बाजारातून आणलेल्या भाजीतली एक मिरची कमी असली तरी ज्यांच्या लक्षात येते त्यांच्या लक्षात हे आलं नाही. परदेशी पत्रावरची ती तारीख आणि बाडाला जायला किती महिने लागतात हे कॅलेंडरवर बोट ठेवून मोजणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. मला विचाराल तर एकतीस वर्षांत त्यांनी एवढं नेटकं काम दुसरं केलेलं नाही. मला जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

नाझरसाहेबांनी नोंदवही टेबलावर उघडली. नियमच तसा, निवृत्त झाला तरी पान त्याचंच. "मला नाही लिहवत," ते म्हणाले. "तुम्हीच लिहा."

बाबांनी चष्मा लावला. कोऱ्या रकान्यात, मधोमध, त्यांनी सावकाश एक आकडा काढला. १. त्याखाली 'कारण' असा छोटा चौकोन होता. तिथे त्यांनी दोन शब्द लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि भाषाबाईंकडे दोन वाजता नवा सिनेमा आहे म्हणून सदरा बदलायला आत गेले.

सासूबाई हात पुसत पुढे आल्या. त्यांनी वाकून ते दोन शब्द वाचले. मग पुन्हा वाचले, बोट लावून. 'माझी चूक.'

"साहेब," त्या नाझरसाहेबांना म्हणाल्या, "या पानाची एक झेरॉक्स मिळेल का?"